तुमच्या देशातल्या चादरी

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. कागद निदान दूध उतू गेलं म्हणून मध्येच उठून जात नाही.

आधी बातमी. लाँड्रीतल्या आमच्या पाळीच्या प्रमुख बाई काम सोडून मुलाकडे राहायला चालल्यात आणि त्यांच्या जागेसाठी माझं नाव वर गेलंय. अजून पक्कं काही नाही, तेव्हा गल्लीभर सांगत सुटू नकोस. तू सांगणारच आहेस, पण मी म्हणून ठेवते.

तू विचारलं होतंस की दिवसभर मी नक्की करते तरी काय. तर ऐक. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी आमच्याकडे धुवायला येतात. ओल्या खात्यात त्या धुतात, पिळतात, मग मोठ्या गरम रुळांतून इस्त्री होऊन आमच्या टेबलाशी बाहेर पडतात. हाताला चटका बसेल अशा. दोघींनी दोन-दोन कोपरे झेलायचे, मागे सरून चादर ताणायची आणि मग चालत जवळ येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. एकीचं पाऊल चुकलं की घडी वाकडी झालीच. म्हणून इथे जोड्या ठरलेल्या असतात, सहसा बदलत नाहीत. माझी जोडी सरदारिणीशी.

हे नाव मीच ठेवलंय, तिच्या रुबाबावरून. ती माझ्यासारखीच परकी, पण भलत्याच देशातली. माझ्याहून बरीच मोठी, अंगाने भक्कम, एक गुडघा दुखरा आणि आवाज असा की रुळांचा खडखडाट त्यापुढे लाजेल. आम्ही दिवसभर एकमेकींच्या देशावरून भांडतो. ती म्हणते, तुमच्या देशात माणसं रांगेत सरळ उभी राहत नाहीत, तर तुझी घडी कुठून सरळ येणार? मी म्हणते, तुमच्या देशाचा नकाशा मी पाहिला तेव्हा वाटलं, कागदावर कुणाचा तरी चहा सांडलाय. ती म्हणते, तुमच्याकडे घड्याळं भिंतीच्या शोभेला लावतात. मी म्हणते, तुमच्या सैन्यापेक्षा आमच्या ताईचा शिवणक्लास शिस्तीत चालतो.

गंमत म्हणजे ती इथल्या भाषेत भांडते आणि मी मराठीत. सुरुवातीला चटका बसला की मी मराठीत काहीबाही पुटपुटायचे. तिने अर्थ विचारला, मी खरा तो सांगितला, तर बाई पोट धरून हसली. तेव्हापासून माझं प्रत्येक वाक्य अर्थासकट पाठ करते. मलाही बरं पडतं, भांडायचं म्हटलं की मला परकी भाषा सुचतच नाही गं.

आईच्या डोळ्यांचं काय झालं ते कळव. भावजींना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे, रागावलीस तरी.

तुझी,
धाकटी

१९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं. बातमी मी कुणालाही सांगितली नाही. क्लासमधल्या बायकांना तेवढी सांगितली, आणि मग उगाच वाईट दिसायला नको म्हणून शेजारी.

आईचे डोळे ठीक आहेत. डॉक्टरांनी थेंब दिलेत, पण ती ते वेळेवर घालत नाही आणि मग डॉक्टरांनाच नावं ठेवते. तुझे भावजी मजेत आहेत. त्यांनी परवा स्वतः पडदा शिवायला घेतला आणि माझ्या मशीनची सुई मोडून ठेवली.

सरदारिणीचं वाचून आम्ही सगळे हसलो. माझ्या क्लासची तुलना सैन्याशी केलीस त्याबद्दल आभार. पण एक सांगू? परक्या मुलखात जपून बोलावं. तुम्हा दोघींना हसू येतं, भिंतीला टेकून ऐकणाऱ्याला येईलच असं नाही. मी आपली सांगून ठेवते, तू कधी ऐकलं आहेस म्हणा!

तब्येतीला जप. आमची माया आहेच, तू तेवढी पत्रं पाठवत जा.

तुझी,
ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी जीभ काळी आहे. होय, काळीच आहे!

सरदारिणीविरुद्ध कचेरीत तक्रार झालीय, माझ्या देशाचा अपमान केल्याची. आणि जिचा अपमान झाला ती बिचारी कोण, तर मी! मला कुणी विचारलंसुद्धा नाही. टॉवेल मोजायला एक नव्या बाई आल्यात, त्यांनी ती लिहिली. त्या आमच्या टेबलाला पाठ करून बसतात. सरदारिणीचं बोलणं त्यांना शब्दन् शब्द कळतं आणि माझं मराठी एक अक्षर कळत नाही. कचेरीतल्या बाईंनी मला तक्रार वाचून दाखवली. तीत काय लिहिलंय माहितीये? की ती गरीब बाई उलट एक शब्द बोलत नाही, हळूच काहीतरी पुटपुटते, बहुधा प्रार्थना करत असावी.

प्रार्थना! ताई, त्या दिवशी मी सरदारिणीला सांगत होते की तुमच्या देशात हसायलाही अर्ज करावा लागतो, तुझा मंजूर झाला का ते बघून ये.

मला हसू फुटलं, आणि लगेच विरलं. कारण इथला नियम कडक आहे. कुणाच्या देशावरून कुणाला हिणवलं तर नोकरी जाते. तक्रार खरी असल्याची माझी सही झाली की सरदारिणीला घरी पाठवणार. तिला या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? आणि मीही तेच करत होते असं सांगितलं तर तोच नियम मला लागू. मग प्रमुख होणं दूरच, माझा इथे राहण्याचा परवानाच या नोकरीवर आहे.

चौकशी होईपर्यंत तिला ओल्या खात्यात टाकलंय. तो दुखरा गुडघा घेऊन ती ओल्या चादरींच्या गाड्या ढकलते. माझ्यासमोर एक अबोल बाई दिलीय. स्वभावाने चांगली आहे, पण आमची पावलं जुळत नाहीत. टेबलावर ढीग साचतोय.

मोजणीवाल्या बाईंच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं होतं. काल डबा खाताना त्या स्वतःच शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, आधीच्या नोकरीत मला माझ्या देशावरून रोज चिडवायचे, मीही हसून साजरं करायचे, आणि घरी जाऊन जेवायचे नाही. शेवटी सोडली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून लिहिलं. आता अशा बाईवर रागवायचं तरी कसं?

चौकशी महिनाअखेर आहे. लवकर लिही. मी काय करू?

तुझी,
धाकटी

२० मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

स्पष्ट लिहिते. सही करून मोकळी हो. तू तक्रार केलेली नाहीस, कुणाचं वाईट चिंतलेलं नाहीस. जे कानांनी ऐकलं ते खरं आहे एवढंच तुला म्हणायचंय. सरदारीण तुझी कोण? ना नात्याची, ना गोत्याची. परवाना गेला तर परत मिळायचा नाही, आणि इथे येऊन तू काय करणार आहेस, माझ्या क्लासात काजं करणार?

भावनेच्या भरात काही करू नकोस. मी मोठी आहे, चार गोष्टी जास्त पाहिल्यात.

तुझी,
ताई

२१ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

कालचं पत्र फाडून टाक. पोस्टाच्या पेटीत हात घालून काढता येत असतं तर मीच काढलं असतं.

काल पत्र टाकून घरी आले. जेवताना तुझ्या भावजींनी नेहमीप्रमाणे आपल्या माहेरच्या माणसांना चिक्कू म्हटलं. मी नेहमीप्रमाणे त्यांच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. लग्नापासून हेच चाललंय. आणि एकदम मनात आलं, दाराबाहेरून कुणी त्यांचं तेवढंच बोलणं लिहून घेतलं आणि माझ्यापुढे सहीला ठेवलं तर? मी त्या माणसाला लाटणं घेऊन हाकलीन. मी इतकी गप्प झाले की हे घाबरले, कपाळाला हात लावून ताप बघायला लागले.

तेव्हा सही करू नकोस. तू काय काय बोललीस ते सगळं सांगून टाक, एकूण एक. हाकलतील तर हाकलू देत. इथे तुझी खोली आहे, माझी दोन मशीनं आहेत, आणि काजं तुला कधीच धड जमली नाहीत, ती शिकवीन. माझ्या बहिणीने दुसरीच्या पोटावर पाय देऊन प्रमुख व्हायचं, हे मला चालणार नाही. आईलाही सांगितलं. ती म्हणाली, त्या बाईच्या गुडघ्याला शेक द्यायला सांग.

भिऊ नकोस. आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत.

तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली, तीही चौकशीच्या आदल्या दिवशी. आधी नेमकं पहिलं उघडलं. तुला शिव्या घालत दुसरं उघडलं आणि जिन्यातच बसून रडले. खरं सांगू, सही करायची नाही हे माझं ठरलं होतं. पण तू म्हणेपर्यंत धीर होत नव्हता.

आता सगळं नीट सांगते.

समोर तिघं होते. मोठे साहेब, कचेरीतल्या बाई आणि कामगारांच्या बाजूने एक काका, लाँड्रीची गाडी चालवणारे. एका बाजूला मोजणीवाल्या बाई. दुसऱ्या बाजूला सरदारीण, मान खाली घालून. तिला तशी बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मला ते बघवेना.

मी उभी राहिले आणि म्हटलं, तक्रारीतला शब्द न् शब्द खरा आहे, पण हे अर्धंच भांडण आहे, उरलेलं अर्धं माझं आहे. मग एकेक सांगायला लागले. चहा सांडलेला नकाशा सांगितला, हसण्याचा अर्ज सांगितला, तुझा शिवणक्लासही सांगितला. आणि ताई, कुणाचा विश्वासच बसेना! साहेब फार मायेने म्हणाले, तुम्ही घाबरू नका, तुमच्यावर कुणी दबाव आणलाय का? माझ्यासारखी गरीब गाय असं बोलेल हे त्यांना पटेना. आयुष्यभर तू मला तोंडाळ म्हणालीस, आणि जिथे उपयोग होता तिथे कुणी मानायला तयार नाही!

तेव्हा ते गाडीवाले काका म्हणाले, चादर आणा. यांना घडी घालू दे, म्हणजे कळेल.

चादर आली. आम्ही दोघी दोन-दोन कोपरे झेलत आलो इतकी वर्षं, पण तिघं टक लावून बघत असताना काही सुचेना. मुकाट्याने ताणली, जवळ आलो, आणि घडी वाकडी. अगदी पहिल्या दिवशीच्या नवख्यांसारखी. मला वाटलं, संपलं.

आणि सरदारिणीने त्या घडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि स्वच्छ मराठीत म्हणाली की बये, तुझ्या हाताला लकवा भरलाय की काय, आमच्या देशात बकऱ्यासुद्धा याहून सरळ घडी घालतात!

ते माझंच वाक्य होतं, ताई. देश तेवढा तिने बदलला. माझा हेल, माझी कमरेवरची मूठ, सगळं जसंच्या तसं. मला असा काही चेव आला की मी तडक इथल्या भाषेत सुरू झाले. पहिल्यांदाच. म्हटलं, तुमच्या देशात बकऱ्याच घड्या घालत असणार, माणसांना अर्ज भरण्यातून वेळ कुठे मिळतो? ती मराठीत, मी इथल्या भाषेत. ती जे बोलली त्याचा अर्थ मी सांगायचा आणि लगेच उत्तरही मीच द्यायचं. हात आपोआप चालायला लागले. चादर घडी होऊन टेबलावर पडली तेव्हा कोपऱ्याला कोपरा होता.

काका आधी हसले. मग कचेरीतल्या बाईंनी तोंडावर फाईल धरली. साहेब छताकडे बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते. त्यांनी सरदारिणीला विचारलं, आता हिच्याविरुद्ध तुमची काही तक्रार आहे का? ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, आहे. महिनाभर हिने मला एकही नवीन शिवी शिकवलेली नाही.

मोजणीवाल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, माझ्यासारखीने ओळखायचं कसं, कोणती चेष्टा आणि कोणता छळ? मी म्हटलं, बाई, तुम्हाला तिथे उलट बोलायची सोय होती का? त्या नाही म्हणाल्या. म्हटलं, मग ती चेष्टा नव्हतीच, आणि तुम्ही तेव्हा तक्रार करायला हवी होती, मी साक्षीला आले असते. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतःहून तक्रार मागे घेतली. साहेबांनी आम्हा दोघींना तोंडी समज दिली, की नियम नियमच आहे, नवं माणूस जवळ असेल तर आधी त्याला सगळा प्रकार समजावून सांगायचा, मग भांडायचं.

सरदारीण परत आली, ताई! आम्ही खाली आलो तेव्हा अख्ख्या पाळीने गाड्यांवर थापा मारून हॉल दणाणून सोडला. रुळांतून पहिली चादर आली, ती झेलताना चटका बसला आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. साचलेला ढीग आम्ही जेवणाच्या सुट्टीआधी उपसला.

आईला सांग, गुडघ्याला शेक चालू आहे. भावजींना साष्टांग नमस्कार, त्यांनी चिक्कू म्हटलं नसतं तर काय झालं असतं कोण जाणे. तुझी माया अशीच पाठीशी असू दे.

तुझी,
धाकटी

२६ एप्रिल

ती. ताईला,
सा. न. वि. वि. (हे असंच लिहितात, असं ती म्हणते.)

मी सरदारीण. मी बोलते, तुमची धाकटी लिहून घेते. चूक असेल ते माझं, अक्षर घाण असेल ते तिचं.

तुम्हाला ती सांगणार नाही म्हणून मी सांगते. काल तिला पाळीचा प्रमुख केलं. साहेबांनी नाव वाचलं तेव्हा ती रडली आणि सगळ्यांना सांगितलं की वाफ डोळ्यात गेली. वाफ दुसऱ्या टोकाला असते. आता ती लिहायला नाही म्हणते, पण मी बघते आहे, लिही.

प्रमुखाने टेबलाशी उभं राहायचं नसतं, फिरायचं असतं. ती सगळीकडे फिरते आणि मोठ्या चादरी आल्या की माझ्यासमोर येऊन उभी राहते. बाकीच्या वेळी माझ्यासमोर मोजणीवाली बाई असते. तिला मी शिकवते. काल ती पहिल्यांदा माझ्या देशाला नाव ठेवली. फार वाईट ठेवली, काही दम नव्हता. पण आम्ही दोघींनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी तिने सही केली असती तर मी रागावले नसते. मी घरी बॅग भरून आले होते. हे तिला माहीत नव्हतं, आत्ता लिहिताना कळलं, आता पुन्हा वाफ गेली वाटतं.

ताई, तुमच्या देशाविरुद्ध माझी लेखी तक्रार आहे. तिथल्या बायका माणसाला एकदा भांडायला शिकवतात, आणि मग दुसऱ्या कुणाशी भांडण गोड लागत नाही. कृपा करून चौकशी व्हावी.

आईला नमस्कार. तुमचा लोभ मलाही थोडा द्या, हिला पुष्कळ झाला.

तुमची,
दुसरी धाकटी (वयाने मोठी)