डोंगरावर टोपी नव्हती

सेन, ३ सप्टेंबर १९८६

चि. तिहानास, अ. आ.

प्रवाशांसाठीच्या हवामान-पुस्तिकेत तू लिहिलंयस, की ऑक्टोबरात सेनहून राब बेटावर बोटीने जायचा बेत करू नये, बूरा वारा कधीही सुटतो. मग मी बोट काय भिंतीला टांगू? वेलेबित डोंगरावर ढगाची टोपी चढली तर बूरा, नाही तर नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तुला मात्र बंद खोलीत बसून वारा कळतो! ती ओळ काढ. तुझा बाप शिमे माझ्याच बोटीवर इंजिन सांभाळतो, हे ध्यानात असू दे.

विंकोकाका

स्प्लिट, ९ सप्टेंबर

ती. विंकोकाकांस, सा. न.

ध्यानात आहे, म्हणूनच ओळ राहील. गेल्या दहा ऑक्टोबरांत बूरा एकेचाळीस वेळा सुटला. त्यांपैकी नऊ वेळा डोंगरावर टोपी नव्हती. जूनमध्ये लोकांना खुशाल न्या. बाबांचा खोकला कसा आहे ते कळवावे; ते स्वतः कळवत नाहीत.

तिहाना

सेन, १५ ऑक्टोबर

तिहाना,

रविवारी डोंगर लख्ख उघडा होता. अकरा जर्मन प्रवासी घेऊन निघालो आणि प्रविच बेटापाशी बूऱ्याने गाठलं. सगळे जिवंत परतलो. शिमेचा हात मोडला. आता बंदर कचेरी माझा परवाना काढून घ्यायला टपलीय. वाऱ्याचं काही चिन्ह नव्हतं, असं तुझ्या हवामान कचेरीचं पत्र धाड. दोन ओळी आणि तुझी सही, बस. एवढी शिकलीस, एकदा तरी घराच्या कामी ये. माया आहे की तीही यंत्राने मोजतेस?

विंकोकाका

स्प्लिट, १८ ऑक्टोबर

ती. विंकोकाकांस, सा. न.

डोंगर उघडा होता, हे मी बंदर कचेरीला लिहिलं. त्याखाली हेही लिहिलं, की इशारा आम्ही रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सेन बंदराला फोनवर दिला आणि तो लगेच फळ्यावर लागला. तुमची बोट साडेसातला सुटली.

बाबांनी फळा वाचून तुम्हाला सांगितलं, तेव्हा त्यांची पोरगी स्वतःच्या सावलीलाही भिते, असं तुम्ही प्रवाशांसमोर म्हणालात. हे मी लिहिलेलं नाही. चौकशीत ते बाबा सांगतील.

परवा मी त्यांना इकडे घेऊन आले. तुमचं पत्र वाचून दाखवलं. मोडलेल्या हाताचं वाक्य आलं तेव्हा ते पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. पुढे परवाना आला. त्यांनी डाव्या हाताने पत्र माझ्याकडून घेतलं, घडी घातली, आणि उत्तर तूच लिही म्हणाले.

तिहाना