ताशी वीस ते ऐंशीच्या दरम्यान

तीर्थरूप दादा,

पाया पडतो. (वाकून नव्हे. कंबर धरली आहे. का धरली ते ओघात येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचं ब्लडप्रेशर कसं आहे? दोन्ही ठिकाणी शांतता असेल तरच पुढे वाच, नाहीतर पत्र उशीखाली ठेव आणि आराम पडल्यावर काढ. इकडे आम्ही मजेत आहोत, माझी कंबर आणि हिचा स्वभाव सोडून.

तक्रार करणं माझ्या स्वभावात नाही हे तू जाणतोसच. (हसू नकोस.) पण आपण किती वेगाने चाललो आहोत हे आपल्याला कळावं, एवढी माफक अपेक्षा माणसाने ठेवली तर तो काही राज्य मागत नाही. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तू जीप माझ्या दारात आणून लावलीस, त्याला पाच महिने होतील. गाडीबद्दल माझं काही म्हणणं नाही. चढ म्हणू नको, खडी म्हणू नको, चिखल म्हणू नको, कुठेही जाते. आवाज करते, पण आमच्या घरात तो हक्क सगळ्यांनाच आहे. फक्त स्पीडोमीटरचा काटा. तो वीस आणि ऐंशीच्या मधे असा काही उड्या मारतो की मला तो पंचविसावर दिसतो आणि शेजारी बसलेल्या हिला सत्तरावर. मग आम्ही आपापल्या आकड्याला धरून भांडतो. मध्यंतरी काटा साठ दाखवत असताना पावाची टोपली लावलेला एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला, आणि जाताना वळून पाहून, मला वाटतं सहानुभूतीने, घंटी वाजवून गेला.

अर्थात हा काटा म्हणजे नुसता काटा नव्हे, हे मी विसरलेलो नाही. याच काट्यापायी तू आणि मिस्त्री एकोणीस वर्षं बोललेला नाहीत. त्याने जीपचं सगळं काम करून दिलं, पंधरा दिवसांत काटा नाचायला लागला, आणि तू भर गॅरेजात चार गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणालास की इंजिन खोलणाऱ्याला एक काटा धरून ठेवता येत नाही. तो म्हणाला, माझ्या हातून गेली तेव्हा काटा सरळ होता. तू म्हणालास, खोटं. तिथे विषय संपला आणि दर रविवारी त्याच्या बाकावर बसून दोघांनी चहा पिणंही संपलं. त्यानंतर तू काटा दुरुस्त करून घेतला नाहीस तो पुरावा म्हणून, हे वहिनीनेच मला सांगितलं. तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी मिस्त्री दवाखान्याच्या फाटकापर्यंत आला आणि वर न येता परत गेला, हे मात्र तुला कोणी सांगितलं नसेल. मला तिथल्या वॉचमनने सांगितलं.

म्हणून मी ठरवलं की मिस्त्रीच्या वाऱ्यालाही उभं न राहता काटा आपणच बसवायचा. (तुझा मान राखावा म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.) आधी काचेवर टिचक्या मारून पाहिल्या. काटा बिचकून शंभरावर गेला. मग डॅशबोर्डच्या खाली शिरलो. खाली शिरणं हे बोलायला सोपं आहे. डोकं क्लचच्या पॅडलपाशी, पाठ सीटच्या कडेवर आणि पाय दाराबाहेर, अशा अवस्थेत मी रविवारची सकाळ काढली. हिने चहा आणला आणि तोंड सापडेना म्हणून बॉनेटवर ठेवून गेली. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक आले आणि पाणीकपातीबद्दल दहा मिनिटं माझ्या तळपायांशी बोलून गेले. कंबर गेली ती तिथे.

मीटरमागचा नट सोडवून केबलच्या आतली तार ओढून काढली, तर ती ठणठणीत कोरडी. गिअरबॉक्सकडून फिरत येणारी तार नळीत अडखळते, सुटते, पुन्हा अडखळते, म्हणून काटा उडतो, हे मी तिथल्या तिथे ताडलं. तुला ठाऊकच आहे, माझा जन्म पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासण्यात गेला. दुसऱ्याची चूक मला लांबून दिसते. इलाज उघड होता. ग्रीसचा डबा आणला आणि आपल्या माणसाच्या गाडीला काय कंजुषी करायची, म्हणून तारेला या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खा डबा चोपडला.

दादा, पहिला अर्धा तास काय सांगू. काटा असा शहाण्यासारखा चढत होता, उतरत होता, की हीदेखील गप्प बसली. मग फिरत्या तारेवरून ते ग्रीस हळूहळू वर चढत मीटरच्या पोटात गेलं आणि काटा चाळिसावर येऊन थांबला. गाडी थांबवली, तरी चाळीस. किल्ली काढली, चाळीस. घरात आलो, जेवलो, हात धुऊन पुन्हा जाऊन पाहिलं, चाळीस. ही दारात उभी राहून म्हणाली, "जागेवर उभं राहून चाळीसचा वेग. तुमच्या ऑफिसातही असंच चालतं ना?"

शेवटी मिस्त्रीकडे जावंच लागलं. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, बऱ्याच वेळाने माझ्याकडे. थंडीत चटकन सुरू होते का, तिसरा गिअर अजून कुरकुरतो का, सगळी चौकशी झाली. मग बॉनेटमध्ये तोंड घालून म्हणाला, "आणि गुडघा?" जीपला गुडघा नसतो, त्यामुळे मला अर्थ लागला. चालतोस म्हणून सांगितलं. त्याने मान हलवली आणि कामाला लागला. मीटर काढून पेट्रोलने धुतला, तार पुसून कोरडी केली आणि बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस फक्त खालच्या भागाला लावलं. वरचा भाग कोरडा ठेवायचा असतो म्हणे. (हे डब्यावर लिहायला हवं होतं.) मग केबल बसवायला हातातली बॅटरी पेटवून डॅशबोर्डखाली वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला.

केबल स्टीअरिंगच्या वरून, मोठ्या वळणाने, एका क्लिपमधून गेली पाहिजे. त्याने तशीच बसवून दिली होती. क्लिप जागेवर होती, रिकामी. केबल मात्र खालून, पॅडलच्या पट्टीमागे, कोपरात मुडपलेल्या हातासारखी कोंबलेली. मूळ रोग तो. त्याने विचारलं, परवा तुम्ही सोडवलीत तेव्हाही केबल इथूनच होती? मी हो म्हणालो. मग बॅटरी माझ्या तोंडावर तशीच धरून त्याने हळूच विचारलं, "आणि पहिल्यांदा सोडवलीत तेव्हा?"

मी काय उत्तर दिलं ते इथे महत्त्वाचं नाही. काटा दुरुस्त झाला, हे कळवण्यासाठी पत्र लिहिलं. वहिनीला नमस्कार. गुडघा दुमडून बसू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. महत्त्वाचं आहे असं आता वाटतं. एकोणीस वर्षांपूर्वी तू चार दिवस परगावी गेला होतास. जीप तेव्हा मिस्त्रीकडून नुकतीच आली होती. तू रोज संध्याकाळी गाडीचे किलोमीटर वहीत लिहून ठेवायचास, म्हणून मी मीटरची केबल सोडवली आणि हिला फिरवायला नेली. तेव्हा लग्न व्हायचं होतं. जाऊन येऊन एकशेचाळीस किलोमीटर झाले असतील. काटा दिवसभर शून्यावर होता, आणि इतक्या सबुरीने गाडी चालवणारा माणूस आपल्याला हवा होता, असं ही त्या संध्याकाळी म्हणाली. परतल्यावर अंधारात, घाईत, जिथून जाईल तिथून केबल खुपसली. भर गॅरेजात तुमचं वाजलं तेव्हा मी मागे टायरवर बसून केळं खात होतो. तेव्हा बोललो असतो तर किल्ली कायमची गेली असती, आणि लग्न ठरायचं होतं. नंतर बोलायचं राहून गेलं. यातलं शून्यावरच्या काट्याचं हिच्याजवळ बोलू नकोस.

ता. क. दुसरा. मिस्त्रीने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, दादांना एक ओळ लिहा, तीच मजुरी. तेव्हा लिहितो : मिस्त्रीच्या हातून जीप गेली तेव्हा काटा सरळ होता.

ता. क. तिसरा. पेटीत टाकण्याआधी पत्र मिस्त्रीला वाचून दाखवलं. म्हणाला, एक ओळ सांगितली होती, पण असो, पोचली मजुरी. येत्या रविवारी मी जीप घेऊन तुझ्याकडे येतो आहे. पुढच्या सीटवर मिस्त्री असेल. काटा कसा चालतो ते बघायचं आहे, एवढंच, असं त्याने दोनदा सांगितलं. तू आमच्याबरोबर एक चक्कर मारायला चल. त्याच्याशी बोलायचं नसेल तर तूही काटाच बघ. मात्र सांगून ठेवतो, आता त्यात बघण्यासारखं काही राहिलेलं नाही.