वगळलेले अकरा आकडे

ता. ३ मार्च, सोमवार

चि. ठकीस, अ. आ.

माझे अकरा आकडे तू कुठे टाकलेस ते आधी सांग, खुशाली मग. तुझ्या कागदाखाली मुंगीच्या अक्षरात लिहिलंयस की अकरा नोंदी वगळल्या आहेत. चष्मा पुसून तीनदा वाचलं. एकशे चाळीस वेळा मी लाँड्रीतल्या मोठ्या मशीनच्या डोक्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला कप ठेवला. कपडे पिळताना मशीन हादरतं, पाणी सांडतं. मग औषधाच्या बाटलीच्या टोपणाने कप परत भरायचा आणि किती टोपणं लागली ते लिहायचं. मशीन किती वर्षं टिकेल ते काढायला हा उद्योग मला कोणी लावला? तूच. कॉलेजात हादरे मोजायचं यंत्र मिळायला आठ महिन्यांची रांग आहे म्हणून तू आईचं यंत्र केलंस. केलंस ते केलंस, वर त्या यंत्राचे अकरा आकडे केरात टाकलेस. कमाल आहे तुझी.

तू म्हणशील, आई, डेटा साफ करावा लागतो. मी एकवीस वर्षं साफच करते आहे. डागाचा शर्ट आला तर मी तो खिडकीतून फेकून गिऱ्हाइकाला बाकीचे शर्ट स्वच्छ आहेत म्हणून कागद देत नाही. आमच्याकडे मोजा हरवला तरी मालक तीन दिवस तोंड पाडून बसतो.

आता तुझ्या कागदांनी इथे काय धुमाकूळ घातला ते वाच. तुझा पहिला कागद आला त्यात लिहिलं होतं की मशीन बावीस दिवसांपूर्वीच मोडलं. मालक तो कागद घेऊन खाली आला आणि मोडलेलं मशीन आम्ही कोणाच्या परवानगीने चालवतोय असं विचारलं. मशीन समोर धडधडत होतं. ते त्याने बंद करायला लावलं. दोन दिवस आम्ही चादरी हाताने पिळल्या, माझ्या मनगटाची सूज अजून आहे. मग तुझा दुसरा कागद आला, अकरा आकडे कमी केलेला. त्यात मशीन अजून एकेचाळीस वर्षं चालणार. मालकाने त्या आलेखाला चौकट करून तो मशीनच्या वर टांगलाय. मशीन हादरलं की तो आलेखाकडे बोट दाखवतो आणि मशीनला सांगतो की अजून वेळ आहे. दर महिन्याला येणाऱ्या मिस्त्रीलाही त्याने कळवून टाकलं की आता एकेचाळीस वर्षांनी ये. मिस्त्रीचं वय चौसष्ट आहे.

इस्त्रीवाले काका तर तुझे भक्तच झालेत. गुडघ्यावर भरलेला कप धरून जिना चढतात आणि किती टोपणं सांडली ते भिंतीवर लिहितात. गुडघा किती वर्षं टिकेल ते तुला विचारायचंय म्हणे. मी सांगितलं, आधी चष्म्याचा नंबर बदला, अर्धं पाणी त्यानेच सांडतंय.

जेवतेस ना वेळेवर? मागच्या फोटोत गालफडं दिसत होती. आकड्यांचं आधी लिही. फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून कागदावर पाहिजे. माझी माया आहे तेवढी आहे, तू ती पुरवून वापर.

तुझी
आई

*

ता. ६ मार्च, गुरुवार

ती. आईस, शि. सा. न.

पत्र मिळालं. खोलीतल्या मैत्रिणीला वाचून दाखवलं, तर ती हसता हसता खुर्चीवरून पडली. मला मात्र हसू आलं नाही, कारण चूक माझी आहे का हेच मला कळत नाहीये.

प्रोग्राम शिकताना आम्हाला पहिल्यांदा हेच शिकवतात की मोजमापात चुका असतात आणि एखादा आकडा बाकीच्यांपासून फार लांब पडला तर त्याच्याकडे संशयाने बघावं. तुझे आकडे बहुतेक सगळे तीन, चार, फार तर पाच टोपणं. मध्येच अकरा वेळा चौदा, पंधरा, सोळा असं करत पार चोवीस. बारा टोपणांच्या पुढे गेलं की मशीन मोडलं असं धरायचं हे मीच प्रोग्रामला सांगितलं होतं, म्हणून त्याने पहिल्या चौदालाच मशीन मोडीत काढलं. तो दिवस पहिल्या कागदाच्या बरोबर बावीस दिवस आधीचा होता. मला वाटलं, तुझा कोपर लागून कप कलंडला असेल. ते अकरा काढले तर रेषा इतकी सरळ आली की सरांनी ती विभागातल्या फलकावर लावली. दोन वर्षांत माझं काहीच कधी फलकावर लागलं नव्हतं. मागच्या सत्रात एका स्वल्पविरामापायी माझा प्रोग्राम चार दिवस बंद होता हे तुला माहीत आहे.

येत्या २१ तारखेला, शुक्रवारी, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर मला ही रेषा मांडायची आहे. त्यावर अख्ख्या सत्राचा निकाल आहे. त्या अकरा वेळी नेमकं काय झालं होतं ते आठवत असेल तर लिही.

काकांना सांग, गुडघ्यासाठी अजून आकडे लागतील. नको, काही सांगू नकोस. रागावलीस तरी मनात जागा ठेव.

तुझी
ठकी

*

ता. १० मार्च, सोमवार

चि. ठकीस, अ. आ.

माझा कोपर एकवीस वर्षांत कशालाही लागलेला नाही. कोपर लागून कप कलंडला असता तर मी तसं लिहिलं असतं आणि पुढे स्वतःला शिवीही लिहिली असती.

काय झालं होतं म्हणून मला विचारतेस? चिठ्ठ्या उलट्या केल्यास का? मी तुला आकडे पाठवले ते लाँड्रीच्या चिठ्ठ्यांवर. प्रत्येक खेपेला एक चिठ्ठी. समोरच्या बाजूला आकडा आणि मागच्या बाजूला आत काय घातलंय ते. चादरी, टॉवेल, पडदे, सगळं. हे कोणी सांगावं लागत नाही, मागची बाजू न लिहिता चिठ्ठी लावली तर कोणाची पँट कोणाला जाईल त्याचा नेम नाही. तुझ्या एवढ्या मोठ्या कॉलेजात कागद उलटून बघायला शिकवत नाहीत का? त्या अकराच्या पाठी बघ. मी न बघता सांगते, ब्लँकेटं असणार. वसतिगृहाची ब्लँकेटं तीन आठवडे येत होती. भिजली की एकेक ब्लँकेट म्हशीएवढं होतं. तेव्हा मशीन जागेवरून सरकायचं, मी आणि मशीनमध्ये कपडे भरणारी, भरणीवरची बाई त्याला दोन्ही बाजूंनी टेकून उभ्या राहायचो. मग वसतिगृहाला सुट्टी लागली, ब्लँकेटं थांबली आणि मशीन शहाण्यासारखं वागायला लागलं.

त्या सुट्टीतच तुझी एकेचाळीस वर्षं आली. आता मालकाने त्या चौकटीकडे बघून वसतिगृहाचं सगळंच काम घेतलंय. येत्या २२ तारखेला, शनिवारी, एका दिवसात सहा खेपा ब्लँकेटं. मी मालकाला सांगितलं की मागच्या डाव्या पायाचा बोल्ट हाताने फिरतोय आणि कितीही फिरवला तरी आवळत नाही, मिस्त्रीला बोलवा. त्यावर मालकाने मला काय ऐकवावं? की शिकलेल्या माणसाचं ऐकावं, आणि शिकलेलं माणूस तर माझ्याच पोटचं आहे. माझंच नाक कापून माझ्या हातात दिलंस.

काकांनी आता दुसरा गुडघाही मोजायला घेतलाय, त्यांचे भिंतीवरचे आकडे सोबत आहेत. जिना दिवसभर ओला असतो. काल मालकच घसरला, तर उठून पहिलं विचारलं की किती टोपणं.

चिठ्ठ्या उलट्या कर आणि काय दिसतं ते लगेच लिही. आशीर्वाद आहेतच, ते काही वगळलेले नाहीत.

तुझी
आई

*

ता. १४ मार्च, शुक्रवार

ती. आईस, शि. सा. न.

चिठ्ठ्या उलट्या केल्या. अकराही ब्लँकेटं.

एकशे चाळीस चिठ्ठ्यांच्या मागच्या बाजू तक्त्यात भरल्या आणि प्रोग्रामला ब्लँकेटं वेगळी आणि बाकीचं वेगळं बघायला सांगितलं. बाकीच्या कपड्यांची रेषा तशीच सरळ आहे. ब्लँकेटांची मात्र दर खेपेला एका टोपणाने चढते, चौदापासून चोवीसपर्यंत, एकही पायरी न चुकता. तू इतकं नीट मोजलं असशील असं मला वाटलंच नव्हतं. तुझा कप तीस टोपणांचा आहे. रेषा अशीच चढली तर शनिवारच्या सहाव्या खेपेला कप पूर्ण रिकामा होईल. त्याच्या पुढे काय होतं ते प्रोग्राम सांगू शकत नाही, कारण मोजायला पाणीच उरत नाही.

सरांना दाखवलं. ते म्हणाले की शोध चांगला आहे, पण अकराच आकड्यांवर एवढं मोठं विधान परीक्षक फाडून खातील. शुक्रवारी जुनीच रेषा मांड, ही पुढच्या सत्रात नीट मोजून आण. आई, त्यांचं अगदीच चूक नाही. अकरा आकडे खरंच कमी आहेत. नवी रेषा मांडली आणि नापास झाले तर माझं वर्ष जाईल. मी असं ठरवलंय की शुक्रवारी जुनं मांडते आणि त्याच संध्याकाळी मालकांना नवा आलेख पाठवते. सोमवारी पोचेल. तोवर त्या पायाखाली लाकडाची पाचर मारता येते का बघ. आणि शनिवारी कपाजवळ फार जाऊ नकोस.

काकांचा गुडघा ठीक आहे. त्यांचे भिंतीवरचे आकडे तू पाठवलेस ते गंमत म्हणून प्रोग्राममध्ये घातले. गुडघा एकोणीस वर्षं टिकेल असं आलं. सांगू नकोस.

तुझीच
ठकी

*

ता. १७ मार्च, सोमवार

चि. ठकीस, अ. आ.

काकांना सांगितलं. एकोणीस वर्षं ऐकून ते जिन्यावरून उडी मारून उतरले आणि आता घरी झोपलेत. तर तुझ्या कागदाला काय वजन आहे ते बघ. तुझ्या शब्दावर चौसष्ट वर्षांचा मिस्त्री घरी बसला आणि सत्तर वर्षांचे काका हवेत उडाले. एवढं वजन माझ्या बोलण्याला असतं तर मी तुला पत्र लिहीत बसले नसते, मालकालाच ऐकवलं असतं.

पाचर मारून बघितली. टॉवेलांच्या एका खेपेत ती दाराबाहेर जाऊन पडली. मालकाने उचलून आणली आणि म्हणाला की मशीनमध्ये अजून जोर आहे, एकेचाळीस वर्षं उगीच नाही लिहिलेली.

तू लिहितेस की सोमवारी पोचेल. शनिवार सोमवारच्या आधी येतो, हे तरी तुझ्या प्रोग्रामला माहीत असेल. कपाजवळ जाऊ नकोस म्हणतेस. ठके, मशीनच्या डाव्या बाजूला मी उभी असते आणि उजव्या बाजूला भरणीवरची बाई. ब्लँकेटं पिळताना मशीन धरून ठेवायला कोणीतरी लागतंच, मागच्या वेळीही आम्हीच धरलं होतं. मी आजारी म्हणून घरी राहिले तर माझ्या बाजूला तिची बहीण येईल, मालकाने विचारून ठेवलंय. तिला त्या बोल्टाचं काही ठाऊक नाही. म्हणून मी घरी राहणार नाही.

अकरा आकडे कमी आहेत म्हणतेस. तू जाऊन शंभर आण, मी नको म्हणत नाही. पण बारावा, तेरावा, असे करत सतरावा आकडा शनिवारी मीच मोजायचा आहे, आणि सतराव्याला कपात पाणी नसणार हे तूच लिहिलंयस. परीक्षकांना हेच सांग. हे अकरा कमी आहेत म्हणून सांग आणि पुढचे सहा कोणाच्या हातांनी मोजले जाणार तेही सांग. मग काय फाडायचं ते फाडू देत. मी चौथीत दोनदा बसले, मला कोणी घराबाहेर काढलं नाही. तुझं वर्ष गेलं तर पुढच्या वर्षीही जेवायला घालीन. पण मला माहीत असताना तू ती जुनी रेषा तिथे उभी राहून वाचलीस, तर पास होऊन घरी आल्यावर मी तुला काय विचारू?

मालकाला फोन केलेला चालणार नाही, तो फोनवर सगळ्यांना हो म्हणतो. त्याला कागद लागतो, रेषा लागते आणि खाली तुझी सही लागते. त्यावर मोठ्या अक्षरात लिही की जुना कागद चुकला आहे, मिस्त्री येईपर्यंत ब्लँकेटं घालू नयेत. मुंगीच्या अक्षरात नको.

बुधवारी टपालात टाकलंस तर शुक्रवारी दुपारी इथे येतं. म्हणजे तुला तुझ्या परीक्षकांच्या आधी ठरवावं लागेल, आणि मी मुद्दामच तसं मागते आहे. शनिवारी सकाळी सात वाजता पहिली खेप लागेल आणि मी डावीकडे उभी असेन. तुझा कागद शुक्रवारी मालकाच्या हातात पडला पाहिजे. येतोय की नाही, कळव.

तुझी
आई