आईंना एकटीनं उचलताना

कळंब,
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय उज्ज्वला,

आशीर्वाद लिहावा तर तू माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान, आणि नमस्कार लिहावा तर मी तुझी वहिनी. तेव्हा दोन्ही अर्धे अर्धे घे. इकडे सर्व ठीक आहे. असं लिहायची पद्धत असते म्हणून लिहिलं. कितपत ठीक आहे ते पुढे येईलच.

तुझ्या दादाची तब्येत बरी आहे. हर्नियाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी जड उचलायला मनाई केली, आणि ती मनाई ह्यांनी इतकी मनावर घेतली आहे की परवा खाली पडलेलं वर्तमानपत्रसुद्धा मला उचलून द्यायला सांगितलं. आमच्या स्पृहाची दिवाळीची सुट्टी संपली, ती होस्टेलवर परत गेली. कापूस घरोघर येऊ लागलाय.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. मार्चमध्ये आपलं फोनवर जे झालं ते मी विसरले नाही, तूही नसशील. तू म्हणालीस, आईचं अर्धं अंग लुळं पडलंय, वहिनी, तुमच्याच्यानं होणार नाही, नागपुरात एक चांगली जागा आहे, तिथे ठेवू. मी म्हणाले, तुझ्यावाचून आमचं काही अडत नाही. आणि फोन ठेवला. तेव्हापासून तू दादाच्या मोबाइलवर आईंची चौकशी करतेस आणि मी स्वयंपाकघरातून ऐकते. फोनवर बोलले तर मी पुन्हा तशीच बोलेन. कागदावर मी जरा शहाण्यासारखी वागते.

तर बातमी अशी की मी जिमला जाते. हसून घे.

आईंना खाटेवरून खुर्चीवर, खुर्चीवरून न्हाणीत आणि परत, असं रोज उचलावं लागतं. बाई ठेवून पाहिली, पण आई परक्या हाताला अंग लावू देत नाहीत. ह्यांना मनाई. राहिले मी, आणि माझ्या हातात पाण्याची कळशी उचलण्यापलीकडे जोर नव्हता. म्हणून मेन रोडवर कृषी केंद्राच्या वर जी जिम निघाली आहे, तिथे दुपारी बायकांच्या वेळेत नाव घातलं. शिकवायला वर्षा राठोड आहे, इथल्याच एका तांड्यावरची. कॉलेजात कबड्डी खेळायची, अमरावतीला व्यायामाचं रीतसर शिक्षण घेऊन आली. पहिल्या दिवशी मी साडीवर बूट घालून गेले तर तिनं दारातूनच परत पाठवलं.

आईंनी सलवार-कमीज पाहिली आणि म्हणाल्या, "अवं रजने, पैसे देऊन वजन उचलाले जातं तू? घरी बादल्या कमी हायेत काय?"

मला मात्र मशिनी फार आवडल्या. बसायला गादी, धरायला मूठ. पिन घालाल तेवढंच वजन, वर एक तोळा नाही. ते वजन सरळ रेषेत वर येतं आणि सरळ खाली जातं, मध्येच 'हळू वं, पाय दुखते' म्हणत नाही. घरात दिवसभर कोणाचं ना कोणाचं ऐकून घेणाऱ्या बाईला असं यंत्र आवडणारच. पिन हळूहळू खाली सरकत गेली. ज्या दिवशी आईंच्या वजनाएवढी पिन घालून दोर छातीपर्यंत ओढला, त्या दिवशी येताना बालूशाही घेऊन आले. कशाबद्दल ते ह्यांना सांगितलं नाही. तुला सांगते. दर वेळी ओढताना माझ्या डोळ्यांसमोर तू असायचीस. तुझ्यावाचून अडत नाही, हे मी रोज दुपारी त्या मशीनवर बसून तुला दाखवत होते.

श्रावणात एका सकाळी आई न्हाणीत स्टुलावरून घसरल्या. लागलं काही नाही, हे आधी सांगते, नाहीतर तू इथेच वाचणं थांबवून फोन लावशील. मी काखेत हात घालून ओढलं. ओल्या अंगाला पकड येईना. वर घ्यावं तर त्या उजवीकडे कलायच्या, लुळा पाय अंगाखाली दुमडायचा, आणि भीतीनं डाव्या हातानं त्यांनी नळ असा धरला होता की मी वर ओढत होते आणि त्या स्वतःला खाली. तेवढंच वजन मी आदल्या दिवशी मशीनवर सहज ओढलं होतं. हे बाहेरून दार वाजवत होते, तर आई ओरडल्या, "नंदूले आत येऊ देऊ नोको." मी त्यांच्या अंगावर साडी टाकली आणि शेजारी ओल्या फरशीवर बसून रडले. तेव्हा आई मला एक गोष्ट म्हणाल्या. ती आत्ता लिहिली तर बाकीचं लिहून होणार नाही, म्हणून मागे ठेवते. ह्यांनी शेजारच्या कोकिळाताईंना बोलावून आणलं आणि आम्ही दोघींनी त्यांना उठवलं.

दुपारी मी वर्षावर चिडले. म्हटलं, तुझ्या मशिनी खोट्या आहेत. ती शांतपणे म्हणाली, "मशीन खोटी नाही, काकू. तुमच्या अंगात जोर तिनंच आणला. पण तोल ती सांभाळते, तुम्ही नुसतं ओढून राह्यल्या. आजीले कुठं मूठ बसवली हाये? अन् आजी सरळ रेषेत येतीन काय?"

मग तिनं माझा व्यायामच बदलला. आधी नुसत्या अंगाच्या बैठका, हातात काही नाही. जमिनीवर बसायचं आणि कशालाही न धरता उठायचं. तू करून पाहा, मग मला हस. नंतर डंबेल, आणि शेवटी वाळूचा कट्टा, म्हणजे वाळूनं अर्धवट भरलेलं पोतं. कट्टा हा महा आगाऊ प्रकार आहे. डावीकडे धरला की उजवीकडे ओघळतो. त्याला छातीशी घट्ट घ्यावं लागतं, गुडघ्यात वाकून, पाठ न वाकवता, तो कुठे कलणार ते आधी ओळखून. घरी सरावाला मी गव्हाचा कट्टा घेतला. अंगणात त्याला मिठी मारून उभी असताना कोकिळाताईंनी कुंपणावरून विचारलं, "काय करून राह्यल्या वं वहिनी?" मी म्हटलं, सासूबाईंना उचलतेय. त्यांनी कुंपणावरून वाकून कट्ट्याकडे नीट पाहून घेतलं.

वर्षा एकदा घरीही येऊन गेली. तिनं आईंच्या कमरेला जुनी ओढणी बांधून धरायला जागा करून दिली, आणि आईंना सांगितलं की डावा हात काकूंच्या मानेत टाकायचा, नळाला नाही. आईंनी तिचं ऐकलं. माझं कधी ऐकतात का बघ.

कोजागिरीच्या सकाळी मी आईंना पहिल्यांदाच न ओढता, न टेकवता, एकटीनं उचललं. खाटेवरून न्हाणीत, न्हाणीतून परत खुर्चीत. मध्ये एकदा त्या कलल्या, पण मला ते आधी कळलं होतं आणि मी पाय पुढे टाकून तोल घेतला. खुर्चीत बसवलं तेव्हा आम्हा दोघींनाही धाप लागली होती. मी फार खूश होते, उज्ज्वला. म्हटलं, पाहा आई, एकटीनं.

आईंनी डाव्या हातानं पदर नीट केला आणि म्हणाल्या, "हो वं, मोठी पैलवान झाली. पण मी तुले उचलाले कुठं सांगतलं होतं? म्या तुले उजीले बोलवाले सांगतलं होतं."

तीच ती न्हाणीतली गोष्ट. ओल्या फरशीवर मी रडत होते तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "एकटी कायले ओढून राह्यली? उजीले हाक मार. दोघी मिळून धरा मले." मी म्हटलं, आई, ती इथे नाही. त्या म्हणाल्या, "मंग बोलाव ना." तुला माहीत आहे, त्यांची बुद्धी शाबूत आहे. त्यांना काही भास झाला नव्हता. त्यांनी मला साधं काम सांगितलं होतं, आणि ते टाळण्यासाठी मी एवढे दिवस गव्हाचा कट्टा उचलत होते.

मला राग आला होता, कारण तू म्हणालीस ते थोडं खरं होतं. मी थकते. रात्री कूस बदलताना पाठ बोलते. आईंना मात्र मी कुठल्याही चांगल्या जागी पाठवणार नाही, त्यावर आपण समोरासमोर भांडू, त्यांच्या देखत. त्यांना ते आवडेल.

तर ये. सुट्टी मिळेल तशी ये, आठ दिवस नाही तर दोन दिवस. स्टँडवर घ्यायला हे येतील, तुझी बॅग मात्र तूच उचल, त्यांना मनाई आहे. आल्यावर आईंना उचलायच्या भानगडीत पडू नकोस, तुला सवय नाही, पाठ धरेल. उचलेन मीच. मी त्यांना उभं करते तेव्हा त्यांचा उजवा हात नुसता लोंबत राहतो, आणि तो सावरायला माझा एकही हात मोकळा नसतो. आई त्या हाताकडे पाहत असतात.

तू तेवढा तो हात धर.

तुझ्यावाचून अडलेली,
रजनीवहिनी