शेवाळ आणि पऱ्यांची प्राध्यापिका

३ मार्च
आजपासून कादंबऱ्या बंद. प्रबंधातलं शेवाळावरचं प्रकरण महिनाअखेर मार्गदर्शक मॅडमच्या टेबलावर गेलं नाही, तर विभागातली माझी खुर्ची जाणार. मॅडम हे हसत म्हणाल्या. हसत म्हणाल्या की ते खरं असतं.
हातातली तेवढी संपवते. अर्धवट सोडणं बरं नाही.

४ मार्च
संपवली. नायिका अगदी माझ्यासारखी. प्राध्यापिका, माणसांत अवघडलेली, वह्या मात्र चोख. बर्फातल्या खेड्यात पऱ्यांचा अभ्यास करून त्यांचा कोश लिहिते, शेकोटीपाशी चहा पिते आणि काम वेळेत संपवते. म्हणजे हे वाचन करमणूक नव्हे, संशोधनपद्धती आहे. दुसरा भाग मागवला.

९ मार्च
टेबल तिच्यासारखं मांडलं. शाल, किटली, पिवळा दिवा. दमून झोपले.
खिडकीत परीसाठी वाटीभर दूध ठेवलं होतं. सकाळी वाटी रिकामी! दादा म्हणाला, अगं शहाणे, मांजर. मांजराची शक्यता नोंदवून ठेवली आहे.

१७ मार्च
आत्याने विचारलं, लिखाण कुठवर आलं? म्हटलं, मुरतंय. म्हणाली, मुरू दे, नासू देऊ नकोस.

२८ मार्च, पहाटे
प्रकरण झालं! शेवटची ओळ फक्कड: 'ते लपत नाही, आपणच वाकून बघत नाही.' ओळ माझी नाही, प्राध्यापिकेची, पऱ्यांविषयीची; मी पऱ्यांच्या जागी फक्त शेवाळ घातलं. आत्याने मला घरीच शिकवलं, तेव्हापासूनचा नियम: ज्याचं घ्यावं त्याचं नाव लिहावं. लेखिकेचं देणार होते, पण वाक्य कोशातलं, आणि कोश प्राध्यापिकेचा. तळटीपेत तिचं नाव, तिचा परीकोश, खंड, पान. आता मन स्वच्छ.

१ एप्रिल
मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, हा कोश शोधून ग्रंथपालांनी हात टेकले, कुठे मिळेल? मी खरं ते सांगितलं. मॅडमनी तळटीप पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, आण ती कादंबरी. नेऊन दिली. जप्तीच.

५ एप्रिल
मॅडमचा निरोप नाही. ताट बाजूला सारलं. आत्या म्हणाली, खोटं तर बोलली नाहीस, जेव.
दुसरा भाग आला. प्रायश्चित्त म्हणून पाकीट फोडलं नाही. दूधही बंद. मांजर खिडकीत बसून माझ्याकडे बघत होतं.

८ एप्रिल
खुर्ची वाचली. तळटीप काढायची, प्रकरण पुन्हा लिहायचं. मॅडमचे डोळे जागरणाने लाल होते. मी दारापर्यंत गेले, तेव्हा हळूच म्हणाल्या, अगं, पुढचा भाग आहे का तुझ्याकडे?
पाकीट तसंच नेऊन दिलं. म्हणजे पद्धती मान्य झाली. वापरणार मात्र मॅडम. मला म्हणाल्या, तू आता शेवाळाकडे बघ.