वरच्या मजल्याशी वाटाघाटी

४ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. घरात एक प्रकरण उद्भवलं आहे आणि ते मी हाताळणार आहे. पुढेमागे ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये उदाहरण म्हणून उपयोगी पडेल.

प्रकरण असं. वरच्या फ्लॅटमध्ये नवीन बिऱ्हाड आलंय. नवरा-बायको, दोघंच. साहेब जमीन मोजणी खात्यातून रिटायर झालेले. दिवसभर सामान ओढतात. माझी बायको लहान मुलांच्या हॉस्पिटलात नर्स, सध्या सलग नाइट ड्युटी. सकाळी आठला घरी येते, नऊला झोपते, म्हणजे झोपायला बघते. नेमकं तिच्या डोक्यावर कपाट सरकतं. मला स्वतःला हा आवाज कधी ऐकू आलेला नाही, कारण मी तेव्हा ऑफिसात असतो. तरी माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे.

तिचं म्हणणं, वर जाऊन एवढंच सांगायचं की मी रात्रपाळी करते, दुपारी दोनपर्यंत काही ओढू नका. ती स्वतःच निघाली होती. मी अडवलं. म्हटलं, तू तणतणत जाशील, एक घाव दोन तुकडे करून येशील आणि शेजाऱ्यांशी कायमचं वाकडं होईल. मी तक्रार निवारण विभागात सोळा वर्षं काढली आहेत. माणसाला न दुखावता हात हलवत परत पाठवणं हाच माझा धंदा. माझ्यावर सोड. तिने सोडलं.

५ मार्च, मंगळवार
बायको ड्युटीवर गेल्यावर वर गेलो. शर्ट बदलून. माणसं चांगली वाटली. मी विषय काढणार, तेवढ्यात वरच्या बाई म्हणाल्या, आजच सगळं सामान जागेवर बसलं हो, आता कशाला म्हणून हात लावायचा नाही. म्हणजे प्रश्न आपोआप मिटला. यालाच हातगुण म्हणतात.

पण लगेच उठणं बरं दिसेना. चहा येत होता. बाईंनी विचारलं, कशी वाटते मांडणी? मी म्हटलं, झकास. नुसतं झकास म्हणणं कोरडं वाटलं, म्हणून म्हटलं, फक्त ते मोठं कपाट खिडकीकडच्या भिंतीला असतं तर खोली जरा मोकळी दिसली असती. साहेबांनी खिशातून टेप काढून तिथल्या तिथे भिंत मोजली. बसतंय म्हणाले. एकूण भेट यशस्वी.

६ मार्च, बुधवार
बायको म्हणते, आज कहर झाला. नऊ ते बारा कपाट. नक्की बोललास ना, असं दोनदा विचारलं. बोललो, म्हटलं. बोललोच आहे. काय बोललो हे तिने विचारलं नाही. तक्रार पोचल्यावर सुरुवातीला त्रास थोडा वाढतो, ही सर्वमान्य गोष्ट आहे, हे तिला समजावून सांगितलं. कुठे मान्य आहे, असं तिने विचारलं. चिडचिडी झाली आहे हल्ली. झोप नसल्यामुळे असेल.

९ मार्च, शनिवार
पुन्हा वर. कपाट खिडकीशी आलंय, छान दिसतं. तसं सांगितलं. मात्र आता पलंग एकटा पडल्यासारखा वाटतो, हेही सांगितलं. मला खोटी स्तुती जमत नाही.

मूळ विषय आज लेकी बोले सुने लागे या पद्धतीने काढला. म्हटलं, आमच्या ऑफिसच्या वर कुणीतरी फर्निचर ओढतं, डोकं उठतं नुसतं. दोघंही फार हळहळली. साहेब म्हणाले, निदान घरी तरी शांतता आहे ना? मी म्हटलं, हो हो, घरी अगदी शांत. आता यावर दुसरं काय बोलणार? बाईंनी जेवायला थांबवलं. नको नको म्हणालो, पण ऐकेनात. घरी कालचंच होतं.

१४ मार्च, गुरुवार
बायको बसमध्ये झोपली आणि थेट डेपोत पोचली. कंडक्टरने उठवलं. सकाळी दहाला घरी आली तर वर पलंग सरकत होता. उशी कानावर धरून बसली होती म्हणे. मला फोन केला. मी मीटिंगमध्ये होतो. मीटिंग तशी संपली होती, पण ती फोनवर रडत असेल तर काय बोलायचं ते सुचेना.

संध्याकाळी म्हणाली, तुला जमत नसेल तर मी जाते. मी म्हटलं, आता मध्येच तू गेलीस तर आतापर्यंतच्या कामावर पाणी पडेल.

त्यानंतर वर गेलो. जाताना मनाशी पक्कं ठरवलं होतं. पण बाईंनी दार उघडल्या उघडल्या विचारलं, या, तुमचीच वाट बघत होतो, सोफा कसा वाटतो? खरं सांगायचं तर माझी वाट कुणी बघत होतं याचं मला बरं वाटलं. आमच्या घरी मी येतो तेव्हा ती निघते आणि ती येते तेव्हा मी निघतो. मत विचारणार कोण, आणि कधी? सोफ्याबद्दल जे वाटलं ते मोकळेपणाने सांगितलं.

१९ मार्च, मंगळवार
आज लिहायचं नव्हतं.

बायकोने काल रात्री एका बाळाच्या औषधाचा डोस चुकीचा भरला. दशांश एक घर सरकला. द्यायच्या आधी दुसऱ्या नर्सने बघितला म्हणून निभावलं. बाळ ठीक आहे. घरी आल्यावर हे तिने मला उभ्या उभ्या सांगितलं, पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती. पुन्हा असं झालं तर मी नोकरी सोडीन, म्हणाली. तिला या कामाशिवाय दुसरं काही आवडत नाही. मला घाम फुटला. खरोखर फुटला.

ठराव: उद्या वर जायचं. चहा घ्यायचा नाही. बसायचं नाही. एक वाक्य आणि परत.

२० मार्च, बुधवार
बसलो नाही. चहा उभ्यानेच घेतला.

वाक्य तोंडाशी आलं होतं. इतक्यात साहेब म्हणाले, कपाट खिडकीशी नेल्यापासून उजेड अडतोय, ते पूर्वीच्या जागी न्यावं म्हणतो, पण माझी पाठ धरली आहे. मी विचार केला. कपाट एकदाचं कायमचं जागेवर गेलं की ओढायला उरतंच काय? एक अक्षरही न बोलता, कुणालाही न दुखावता प्रकरण मुळापासून संपतं. म्हटलं, रविवारी मला सुट्टी आहे, मी येतो हात द्यायला. बाईंचे डोळे भरून आले. इतकं काय त्यात, म्हटलं.

बायकोला सांगितलं की रविवारी सोक्षमोक्ष लावतो. ती हो म्हणाली.

२४ मार्च, रविवार
जे घडलं ते क्रमाने लिहितो, कारण त्याचा विपर्यास होण्याची शक्यता आहे.

सकाळी बायको आली आणि झोपली. मी दाढीचं सामान आणायला जातो असं सांगून वर गेलो. कपाट सागवानी. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने साहेब, मधून बाई सूचना देत होत्या. थोडं सरकवायचं, दम खायचा, पुन्हा सरकवायचं. निम्म्यावर आलो तेव्हा दारात बायको दिसली. गाऊनवर माझा स्वेटर, केस सुटलेले. कपाटाचा कोपरा माझ्या खांद्यावर होता, त्यामुळे मला पटकन बाजूला होता येईना. मी म्हटलं, बोलणी शेवटच्या टप्प्यात आहेत.

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाईंना शांतपणे सांगितलं की मी खालची, मी रात्रपाळी करते, दुपारी दोनपर्यंत झोपते, तेवढा वेळ काही ओढू नका. बाई म्हणाल्या, अगं बाई, आधी नाही का सांगायचं, तुम्हाला किती त्रास झाला असेल! संपलं. एवढ्यात संपलं. मग बाईंनी विचारलं, पण खाली तर हे राहतात, तुम्ही यांच्या कोण?

बायको म्हणाली, बायको.

साहेबांनी कपाट सोडलं. बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्यांचा समज असा की मी एकटाच राहतो. कधी घरच्यांचा विषय नाही, दर चार-पाच दिवसांनी संध्याकाळी येऊन बसतात, जेवायला कुणी नसावं, बिचारे. आम्हाला कसली मांडणी आणि काय, म्हणाल्या, पण यांना तेवढाच विरंगुळा, म्हणून हे सांगतील ते हलवत गेलो. मन कसं मोडायचं?

माझं मत चांगलं असतं म्हणून विचारतात, असा माझा समज होता. कपाट मध्येच राहिलं आहे.

२५ मार्च, सोमवार
रजा टाकली. बायकोला आज ऑफ. भांडण होणार हे धरून मुद्दे काढून ठेवले होते. हेतू शुद्ध होता, हा पहिला. दुसरा सुचला नाही.

वर काहीही वाजलं नाही. ती दोन वाजून गेल्यावरसुद्धा झोपलेली होती. खुर्ची सरकवावी लागू नये म्हणून मी उभाच होतो. चारला उठली. चेहरा पूर्वीसारखा दिसत होता, किती दिवसांनी. मी चहा केला. तिने विचारलं, किती वेळा गेला होतास वर? मी म्हटलं, चार-पाच वेळा. ती म्हणाली, आणि मी एकदासुद्धा आले नाही तुझ्या बोलण्यात? मी म्हटलं, विषय निघाला नाही.

तिने चहा संपवला आणि केस विंचरायला घेतले. वरच्या बाईंनी रात्री जेवायला बोलावलंय म्हणाली. मला हायसं वाटलं. एकूण संबंध बिघडले नाहीत, उलट वाढलेच. शर्टाला इस्त्री करू का, किती वाजता निघायचं आपण, असं मी विचारलं.

ती म्हणाली, तुझा विषय निघाला नाही.