मोरपंखी साडीची झोळी

काटेवाडी,
मंगळवार, होळी होऊन आठ दिवस झाले

तीर्थस्वरूप वन्सं यांस,

धाकट्या भावजयीचा दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन वाकून नमस्कार. (खरं तर हे मी आडवी पडून लिहिते आहे, त्यामुळं पदरही नाही आणि वाकणंही नाही, पण मनात दोन्ही आहे असं समजावं.) तुमची तब्येत कशी आहे? दाजींच्या गुडघ्याला तेलानं उतार पडला का? अविराजच्या परीक्षेचं काय झालं ते कळवा, पण चांगलं झालं असेल तरच कळवा, कारण इकडं उत्कर्षाला तेच ऐकवावं लागतं. इकडं सगळी खुशाली. आत्याबाईंची, म्हणजे तुमच्या मातोश्रींची, भूक आणि जीभ दोन्ही ठणठणीत आहेत.

फोन न करता पत्र का, असं तुम्ही म्हणाल. आपल्या घरात फोन म्हणजे गावचा भोंगा. आत्याबाई 'स्पीकर लाव' म्हणतात आणि मग मी काय बोलले ते गोठ्यातल्या गायीसुद्धा ऐकतात. म्हणून विशालच्या हाती ही चिठ्ठी देते. त्याचा दुधाचा टेम्पो रोज इंदापूरला जातोच. पाकीट शितांनी चिकटवलंय. वाळलेली शितं तुटलेली दिसली तर विशालनं वाचलं असं समजा आणि त्याला चहा देऊ नका.

आता मूळ विषय. तुम्हाला माहीत आहे, दुपारची जेवणं झाली की घरात ज्याला त्याला आपापली जागा आहे. तुमचे बंधू पंख्याखाली दिवाणावर. आत्याबाई ओसरीवरच्या बाजेवर. उत्कर्षा दार लावून अभ्यासाला. (अभ्यास मधूनच हसतो.) राहिले मी. मी भांडी आवरून गव्हाच्या कोठीला पाठ लावून बसते. डोळा लागतो न लागतो तोच कुणाला चहा हवा असतो, कुणाचा चष्मा हरवलेला असतो, आणि काही नसेल तेव्हा बाजाराच्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या असतात. साडेतीनला धारा आहेतच. लग्न होऊन एकोणीस वर्षं झाली, पण दुपारी पाठ टेकायला अशी माझी जागाच नाही. मला बाकी काही नको होतं, वन्सं. अर्धा तास आणि एक जागा, एवढंच.

तर गेल्या आठवड्यात उत्कर्षाच्या मोबाइलवर एक गोरा माणूस दिसला. दोन झाडांना कापड बांधून त्यात मजेत झुलत होता. उत्कर्षा म्हणाली, याला कॅम्पिंग म्हणतात. लोक घरदार सोडून रानात जातात. आपण जन्मभर रानातच आहोत, फक्त झुललो नाही. त्यानं घरातल्याच कापडाची झोळी केली होती. मनात म्हटलं, झोळी तर मला करता येते. उत्कर्षा तान्ही असताना भांगलणीला जायचे तेव्हा बांधाच्या बाभळीला तिची झोळी मीच बांधायचे. फरक एवढाच की आता आत निजणारं बाळ बेचाळीस वर्षांचं.

पहिल्यांदा घेतली वाघाची चादर. मी नुसतं ओढून बघितलं तर वाघ पोटातून फाटला. मग सोलापुरी चादर मागितली, तर आत्याबाई म्हणाल्या ती पाहुण्यांची आहे. (एकोणीस वर्षांत तो पाहुणा आलेला नाही.) शेवटी ट्रंक उघडली. प्रत्येक घरात असते तशी ती देण्याघेण्याच्या साड्यांची ट्रंक. जी साडी आपण नेसणार नाही ती दुसरीनं नेसावी अशी आपली मोठी इच्छा असते. त्यात सगळ्यात वर तुमची साडी होती. तुमच्या वास्तुशांतीला तुम्ही मला दिलीत ती मोरपंखी, आंब्याच्या रंगाचे काठ आणि पदरावर शेळीएवढा हत्ती. मी जिवापाड जपून ठेवली होती. नेसले नाही, कारण हत्तीला साजेसा प्रसंग आला नाही. पण सूत असं भक्कम की चार माणसं तोलेल. तुम्हाला राग येईल हे मला तेव्हाही कळत होतं, पण पाठ दुखत होती.

साडी दुहेरी केली, दोन्ही टोकांना निऱ्या घातल्या (निऱ्यांसाठी मला मोबाइल लागत नाही), त्या दोरीनं करकचून आवळल्या आणि झाली झोळी. आता बांधायची कुठं? तुमचे बंधू उठून आले आणि हे पुरुषांचं काम आहे म्हणून त्यांनी एक टोक शेवग्याला बांधलं. मी म्हटलं, शेवगा ठिसूळ असतो. ते म्हणाले, तू गप बस, मी आधी तपासून बघतो. ते बसले, फांदी खाली आली आणि तेही आले. लागलं फारसं नाही. शेवग्याच्या शेंगांची आमटी मात्र दोन दिवस पुरली.

मग लिंब आणि आंबा अशी दोन झाडं धरली. दोरी कमी पडली म्हणून त्यांनी कालवडीचा कासरा सोडून आणला. (कासरा सोडला की कालवडही सुटते, हे त्या घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही.) पुन्हा तपासून बघायला ते झोळीत बसले ते थेट धारांच्या वेळेला उठले. दुसऱ्या दिवशी मी ताटं उचलून मागं जाते तर आत्याबाई आत. म्हणाल्या, कंबरेला बरं वाटतंय. मी परत कोठीला जाऊन टेकले.

इकडं कालवड झुंबरबाईंच्या कोथिंबिरीत दोन दिवस जेवत होती. झुंबरबाई, आपल्या चुलतघरच्या थोरल्या जाऊबाई, तिसऱ्या दिवशी भांडायला आल्या. चांगल्या तयारीनं आल्या होत्या. पहिली दोन वाक्यं वेशीपर्यंत गेली असतील. तिसऱ्या वाक्याला त्यांचं लक्ष झोळीकडं गेलं आणि त्या मध्येच थांबल्या. झोळीत आत्याबाई. त्यांनीही तेवढ्यात नाकासमोर आलेला पदर हातात घेतला, हत्ती नीट न्याहाळला, आणि त्याही गप्प झाल्या. मी तर आधीपासूनच गप्प होते. तिघी बायका एका ठिकाणी आणि लिंबाची पानं पडलेली ऐकू येतायत, असं काटेवाडीत पूर्वी झालेलं नाही.

तेवढ्यात कालवड घेऊन तुमचे बंधू आले. या माणसाला बायको नवीन साडी नेसली तरी दिसत नाही, पण त्या दिवशी दिसली. म्हणाले, "ही तर आपुन झुंबरवहिनींच्या लेकीच्या लग्नात दिलेली साडी न्हाय का? हा बघा, माझ्या हळदीच्या बोटांचा डाग. लग्नाला निघताना मीच पिशवीत घातली व्हती."

वन्सं, आता तुमच्यापासून काय लपवायचं. खरं आहे. माझ्या मावशीनं मला दिली, मी झुंबरबाईंना दिली. झुंबरबाईंनी आत्याबाईंना पंच्याहत्तरीला दिली. (त्यांच्या ट्रंकेची किल्ली त्यांच्या कमरेला, त्यामुळं मला कळायचं कारण नव्हतं.) आत्याबाईंनी तुम्हाला दिवाळीला दिली, खास तुझ्यासाठी आणली म्हणून, आणि तुम्ही वास्तुशांतीला मला दिलीत, खास तुझ्यासाठी घेतली म्हणून. डाग मला तिथंच दिसला होता. मी हसून ओटीत घेतली, कारण बोलले असते तर माझंच पहिलं नाव निघालं असतं.

मला वाटलं आता घरात महाभारत. आत्याबाईंनी हत्तीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चौघींच्या हातनं फिरली, पर घडी कुणी मोडली न्हाय. मोडली ती हिनं. आता साडी हिची." आणि हात पुढं करून म्हणाल्या, "धरा मला, उतरू द्या. विजयमाला, तू पड. अर्धा तास हिला कुणी हाक मारायची न्हाय."

एकोणीस वर्षांत मला या घरात 'ऊठ' पुष्कळांनी म्हटलं. 'पड' कुणी म्हटलं नव्हतं. मी पडले आणि झोप काही आली नाही. मला कुणी हाक मारत नाही, तेच ऐकत पडून राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलं तुमच्या हत्तीनं. त्याला आज चार दिवस झाले. रोज दोन ते अडीच माझी वेळ, आणि हे पत्रही तिथंच लिहिते आहे. तेव्हा रागावू नका. तुमची साडी अंगावर नाही तरी अंगाखाली आहे, आणि इतकं सुख मला कुठल्याच साडीनं दिलं नाही.

दाजींना नमस्कार, अविराजला आशीर्वाद. लोभ आहेच, तो धुवून-वाळवून तसाच ठेवावा.

तुमची,
विजयमाला

ता. क. वरचं सगळं पडून लिहिलं. हे स्वयंपाकघरात उभी राहून लिहिते आहे. सव्वादोनला आत्याबाई काठी घेऊन आल्या आणि 'सरक' म्हणाल्या. साडी मूळ त्यांच्या पंच्याहत्तरीची आहे असं त्यांना आज आठवलं. आता घोरतायत. झुंबरबाईंनी कोथिंबीर माफ केली, पण तीनचा नंबर लावून गेल्या.

आणखी ता. क. खरं काम असं: तुमच्या जागरण-गोंधळाला मी दिलेली लिंबू रंगाची साडी विशालच्या हाती पाठवा. सूत चांगलं आहे. तुम्ही नेसला नसाल, मीही नेसले नव्हते.

शेवटचं: ती कुणाला देऊन टाकली असेल तर जिवाला लावून घेऊ नका. लग्नसराई तोंडावर आली आहे, फिरत फिरत ती माझ्याकडंच येईल. मी दोरी आणून ठेवली आहे.